श्रवणयंत्राने भागेनासे झाल्यावर: कॉक्लियर इम्प्लांटविषयी माहिती आणि अनुभव हवे आहेत

ओंजळ (धागाकर्ती)

माझी आई ६१ वर्षांची आहे. तिचे ऐकू येणे चाळिशीपासून कमी होत गेले आणि गेली सोळा वर्षे ती दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. सुरुवातीला त्यांचा चांगला उपयोग झाला. आता मात्र यंत्राचा आवाज कितीही वाढवला तरी ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ अशी तिची तक्रार असते. समोरचा माणूस तोंडावर उजेड येईल असा बसून सावकाश बोलला, तर ती ओठांवरून अर्थ लावते, पण बोलता बोलता त्याने मान वळवली की वाक्य मधेच तुटते. गेल्या महिन्यातील तपासणीत दोन्ही कानांत तीव्र ते अतितीव्र श्रवणदोष निघाला. यंत्रे लावून, शांत खोलीत, ओठ न दाखवता ऐकवलेल्या वाक्यांतील जेमतेम एक पंचमांश शब्द तिला ओळखता आले. तेव्हा डॉक्टरांनी कॉक्लियर इम्प्लांटचा विचार करायला सांगितले.

हल्ली घरात चार माणसे बोलायला लागली की आई म्हणते, “तुम्ही बोला, मला नंतर सांगा.” नंतर तिला कोणीच पुरते सांगत नाही. मीही सांगत नाही, हे लिहिताना मला वाईट वाटते आहे.

माझे प्रश्न असे आहेत: इम्प्लांट म्हणजे अधिक ताकदीचे श्रवणयंत्रच का? या वयात त्याचा उपयोग होईल का? आणि शस्त्रक्रियेनंतर तिला पूर्वीसारखे ऐकू येईल, असे मी तिला सांगावे का?

श्रवणवाट

ओंजळताई, मी ऑडिओलॉजिस्ट आहे आणि इम्प्लांट झालेल्या व्यक्तींचे मॅपिंग (म्हणजे यंत्राच्या संदेशांची पातळी त्या व्यक्तीनुसार जुळवणे) व श्रवणप्रशिक्षण हेच माझे रोजचे काम आहे. आईंना प्रत्यक्ष तपासल्याशिवाय त्यांच्याविषयी काही सांगणे योग्य होणार नाही, पण तुमचा पहिला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे. त्याचे उत्तर नीट कळले की बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे बरीचशी त्यातूनच निघतात.

आपल्या आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढ्यांची एक नळी असते. तिला कर्णावर्त, म्हणजेच कॉक्लिया, म्हणतात. त्यातल्या पडद्याची लांबी उलगडून मोजली तर साधारण ३५ मिलिमीटर भरते. या पडद्यावर केशपेशींच्या रांगा असतात: आतल्या रांगेत सुमारे ३,५०० आणि बाहेरच्या रांगांत सुमारे १२,०००. ध्वनीच्या कंपनांचे विद्युतसंदेशात रूपांतर करून तो श्रवणचेतेकडे, म्हणजे कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेकडे, सोपवणे हे आतल्या रांगेचे काम, तर मंद आवाज उचलून धरणे आणि जवळजवळचे स्वर वेगळे ठेवणे हे बाहेरच्या रांगांचे. एकदा मेलेल्या केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत.

श्रवणयंत्र आवाज मोठा करते. तो मोठा झालेला आवाज स्वीकारायला पुरेशा केशपेशी शिल्लक असतील तोवरच त्याचा उपयोग होतो. त्या फारच थोड्या उरल्या की आवाज वाढतो, पण स्पष्टता वाढत नाही. आईंची ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत’ ही तक्रार नेमकी हीच अवस्था सांगते आहे.

इम्प्लांट केशपेशींना वगळून थेट श्रवणचेतेला विद्युतसंदेश देते. कानामागे बसवलेला स्पीच प्रोसेसर मायक्रोफोनमधून आवाज घेतो आणि त्याचे उंच-खालच्या पट्ट्यांत विभाजन करतो. हे सांकेतिक रूप डोक्यावर चुंबकाने चिकटलेल्या कॉइलमधून, रेडिओलहरींच्या साहाय्याने, त्वचेखालच्या भागाकडे जाते. आतल्या भागात बॅटरी नसते. त्याला लागणारी ऊर्जाही याच वाटेने पोहोचते. तिथून निघालेली इलेक्ट्रोडची (वीज देणाऱ्या सूक्ष्म स्पर्शबिंदूंची) बारीक, लवचिक तार कर्णावर्तात सरकवलेली असते. निसर्गाने कर्णावर्तात तळाशी उंच स्वर आणि टोकाकडे खर्जातले स्वर अशी विभागणी केलेली आहे, म्हणून कोणता इलेक्ट्रोड चेतवला यावर आवाज उंच वाटेल की खालचा हे ठरते. इलेक्ट्रोडची संख्या बनावटीनुसार साधारण १२ ते २२ असते.

आता जरा थांबून विचार करा. जिथे हजारो केशपेशी काम करत होत्या तिथे बारा किंवा बावीस स्पर्शबिंदू आले आहेत, आणि कर्णावर्तातल्या द्रवात वीज आजूबाजूला पसरत असल्यामुळे तेही एकमेकांपासून पूर्ण वेगळे राहत नाहीत. तरीसुद्धा माणूस बोलणे समजू शकतो, कारण मेंदू या तुटपुंज्या खुणांमधून भाषा पुन्हा उभी करायला शिकतो. म्हणून मी प्रत्येक कुटुंबाला एकच गोष्ट परोपरीने सांगते: शस्त्रक्रियेने मिळतो तो संदेश. त्या संदेशाचे ऐकणे व्हायला त्यानंतरचे कित्येक महिने लागतात. ‘पूर्वीसारखे ऐकू येईल’ असे आईंना कृपया सांगू नका. ‘नव्या पद्धतीने ऐकायला शिकता येईल’ असे सांगा. ते खरे आहे.

वयाचे म्हणाल तर सत्तरी-ऐंशीतल्या व्यक्तींनाही याचा लाभ होतो. वयापेक्षा अधिक महत्त्व या गोष्टीला आहे की तो कान किती वर्षे जवळजवळ काहीच न ऐकता राहिला. आईंनी सोळा वर्षे सातत्याने यंत्रे वापरली, त्यामुळे श्रवणचेता आणि मेंदू यांचा आवाजाशी संबंध तुटलेला नाही. ही मोठी जमेची बाजू आहे.

जुनीपाने

श्रवणवाट यांच्या उत्तम प्रतिसादाला थोड्या इतिहासाची जोड देतो. श्रवणचेतेला विजेने चेतवून आवाजाची जाणीव करून देण्याचा पहिला नोंदलेला प्रयोग पॅरिसमध्ये १९५७ साली आंद्रे जूर्नो आणि शार्ल एरिएस यांनी केला. अमेरिकेत विल्यम हाउस यांनी १९६१ पासून एका इलेक्ट्रोडच्या इम्प्लांटवर काम केले. त्यातून लय आणि आवाजाचे चढउतार कळत असत, पण शब्द ओळखण्यासाठी ओठांकडे पाहावेच लागे. बहुविध इलेक्ट्रोडच्या इम्प्लांटवर व्हिएन्नामध्ये इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर, तर मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क स्वतंत्रपणे काम करत होते. क्लार्क यांची पहिली शस्त्रक्रिया १ ऑगस्ट १९७८ रोजी झाली.

क्लार्क यांचे वडील कर्णबधिर होते. कर्णावर्ताच्या वेढ्यांत तार आतपर्यंत कशी न्यावी हा क्लार्क यांच्यापुढचा मोठा अडसर होता. समुद्रकाठी बसलेले असताना त्यांनी एका शंखात गवताचे पाते सरकवून पाहिले, आणि टोकाला लवचिक व बुडाशी ताठर असलेले पाते वळणावळणाने आत जाते हे त्यांच्या लक्षात आले. तारेची घडण त्यावरून सुचली.

पुढची मोठी उडी गणिताची होती. सगळे इलेक्ट्रोड एकाच वेळी चेतवले की त्यांचे विद्युतप्रवाह एकमेकांत मिसळून गोंधळ होतो. अमेरिकेतील ब्लेक विल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत इलेक्ट्रोड आळीपाळीने, अतिशय वेगाने चेतवले जातात, आणि त्यामुळे शब्दांची स्पष्टता एकदम वाढली. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना वैद्यकीय संशोधनासाठीचा २०१३ चा लास्कर पुरस्कार मिळाला. आज जगभरात बसवलेल्या इम्प्लांटची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे.

पाऊलखुणा

मी स्वतः इम्प्लांट वापरतो. पस्तिशीपर्यंत मला उत्तम ऐकू येत होते; मग तीन-चार वर्षांत दोन्ही कान गेले. माझ्या उजव्या कानात इम्प्लांट बसवून आता सहा वर्षे झाली आहेत. शस्त्रक्रियेविषयी जाणकार सांगतीलच, मी स्विच-ऑनच्या, म्हणजे प्रोसेसर पहिल्यांदा सुरू करण्याच्या, दिवसाविषयी लिहितो, कारण त्या दिवसाची तयारी कोणी करून दिली नाही तर माणूस खचतो.

टाके भरून येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन आठवडे, प्रोसेसर लावलेला नव्हता. स्विच-ऑनच्या दिवशी ऑडिओलॉजिस्टबाईंनी संगणकाला प्रोसेसर जोडला, एकेका इलेक्ट्रोडवर बारीक संदेश दिला आणि प्रत्येक वेळी विचारले की हा कळतो का, हा सुखद आहे का, हा मोठा वाटतो का. मग सगळे इलेक्ट्रोड एकत्र सुरू केले. माझी पत्नी काहीतरी बोलली. मला ऐकू आली ती काचेच्या भांड्यावर चमचा आपटल्यासारखी एकसलग किणकिण. तिचे ओठ हलत होते आणि किणकिण त्यांच्या तालावर कमीजास्त होत होती, एवढाच काय तो त्या दोन्हींचा संबंध. ती रडू लागली, कारण तिला वाटले मी ऐकतो आहे. मीही रडलो, पण कारण वेगळे होते.

तिसऱ्या दिवशी घरात मला सारखी एक टकटक ऐकू येत होती आणि तिचा उगम सापडत नव्हता. मी चाललो की ती यायची, थांबलो की थांबायची. बऱ्याच वेळाने कळले की तो माझ्याच चपलांचा आवाज होता. तो ओळखल्यावर पुढच्याच क्षणापासून तो चपलांसारखाच ऐकू येऊ लागला. आवाज बदलला नव्हता; मेंदूने त्याला नाव दिले होते. त्यानंतर मी हीच रीत धरली. नळ, दाराची कडी, कागदाची सळसळ, खुर्ची सरकवणे हे सारे आधी डोळ्यांनी पाहायचे, मग डोळे मिटून ऐकायचे.

बोलणे समजायला अधिक कष्ट पडले. पत्नी रोज अर्धा तास कागदाने ओठ झाकून शब्दांच्या जोड्या वाचत असे: शाल आणि साल, वाट आणि पाट, मळ आणि नळ. मी ऐकलेला शब्द म्हणायचा आणि चुकला की तिने तो पुन्हा वाचायचा. पुढे मी पुस्तकाचा मजकूर डोळ्यांसमोर ठेवून त्याचे ध्वनिमुद्रण ऐकू लागलो. दुसऱ्या महिन्यात माणसांचे आवाज यंत्रमानवासारखे वाटत होते, चौथ्यात पुरुष-बाई वेगळे कळू लागले, आणि सातव्या महिन्यात पत्नीचा आवाज तिचा वाटला. त्या सात महिन्यांत मी अक्षरशः जिवाचा कान करून ऐकले. संध्याकाळी डोके इतके शिणलेले असे की जेवतानाही प्रोसेसर काढून ठेवावासा वाटे, पण बाईंनी सांगितले होते की जागेपणी तो काढायचा नाही, आणि ते मी पाळले.

ओंजळ

पाऊलखुणा, तुमचा अनुभव मी आईला छापून वाचायला दिला. तिने तो दोनदा वाचला आणि चपलांच्या परिच्छेदाखाली पेन्सिलीने रेघ मारली.

तिची मुख्य भीती अशी आहे की जे थोडेफार ऐकू येते तेही जाईल. श्रवणवाटताई, यावर आणि शस्त्रक्रियेतील धोक्यांवर स्पष्ट लिहाल का?

श्रवणवाट

ही भीती रास्त आहे. ज्या कानात तार घातली जाते त्या कानात उरलेले नैसर्गिक श्रवण कमी होऊ शकते किंवा पूर्ण जाऊ शकते. बारीक व मऊ तारा आणि हळुवार शस्त्रक्रियेमुळे ते काही जणांत टिकते, पण टिकेलच असे गृहीत धरू नये. म्हणून कोणता कान निवडायचा याची चर्चा महत्त्वाची असते. दुसऱ्या कानाला श्रवणयंत्र चालू ठेवता येते आणि बहुतेकदा ते ठेवावेच, कारण खर्जातले स्वर आणि बोलण्यातील आरोह-अवरोह इम्प्लांटमधून नीट पोहोचत नाहीत. ते यंत्राच्या कानातून मिळतात आणि दोन्ही मिळून चित्र भरते.

शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊन होते आणि साधारण दोन ते तीन तास चालते. कानामागे छेद घेऊन तिथल्या हाडातून मध्यकर्णापर्यंत वाट केली जाते आणि तार बहुधा कर्णावर्ताच्या वर्तुळाकार खिडकीतून, म्हणजे तिथल्या नैसर्गिक छिद्रातून, आत सरकवली जाते. याच वाटेलगत चेहऱ्याची चेता असते, म्हणून शस्त्रक्रिया चालू असताना तिच्यावर यंत्राने लक्ष ठेवतात. तिला इजा होणे दुर्मीळ आहे. काही दिवस चक्कर येणे, जिभेच्या एका बाजूची चव बदलणे, कानात गुणगुण वाढणे हे त्या मानाने अधिक दिसते. जंतुसंसर्ग होऊ शकतो. क्वचित आतला भाग बिघडतो आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. मेंदूज्वराचा धोका किंचित वाढत असल्याने न्यूमोकोकसविरोधी लस घेतलेली असणे आवश्यक मानतात. आत चुंबक असल्यामुळे पुढे कधीही एमआरआय काढायची वेळ आली तर आधी इम्प्लांटची माहिती द्यायलाच हवी. त्याचे ओळखपत्र नेहमी जवळ ठेवावे.

शस्त्रक्रियेआधी सीटी स्कॅन आणि एमआरआय करतात, कारण कर्णावर्ताचा मार्ग मोकळा आहे का आणि श्रवणचेता आहे का हे पाहणे अत्यावश्यक असते. श्रवणचेताच नसेल तर इम्प्लांटचा संदेश पुढे जायला वाट राहत नाही.

अंगणवेल

प्रौढांविषयीच्या या धाग्यात मी लहान मुलाविषयी लिहिते आहे, कारण कोणी तान्ह्या बाळाचे आईवडील हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी वेळ फार मोलाचा आहे.

माझा मुलगा आठ महिन्यांचा झाला तरी हाकेला वळत नव्हता. एका डॉक्टरांनी आम्हाला ‘काही मुले उशिरा प्रतिसाद देतात, वर्षभर वाट पाहा’ असे सांगितले आणि आम्ही वाट पाहिली. त्या वर्षाचे मला आजही दुःख आहे. बेरा चाचणी झाली तेव्हा तो वीस महिन्यांचा होता. ही चाचणी बाळ झोपलेले असतानाच होते, डोक्यावर चिकटवलेल्या तारांतून आवाजाला श्रवणचेता आणि मेंदू यांचा मिळणारा प्रतिसाद मोजतात. दोन्ही कानांत अतितीव्र दोष निघाला. तीन महिने श्रवणयंत्रे लावून पाहिली, प्रगती दिसली नाही, आणि सव्वादोन वर्षांचा असताना त्याचे इम्प्लांट झाले.

जन्मापासून न ऐकणाऱ्या मुलाच्या मेंदूतील श्रवणाचा भाग पहिल्या साडेतीन वर्षांत आवाजाशी सर्वांत सहज जुळवून घेतो. सात वर्षांनंतर ती लवचिकता पुष्कळच कमी होते, कारण वापराविना राहिलेला तो भाग दुसऱ्या कामांकडे वळतो. म्हणूनच कित्येक ठिकाणी आता एक वर्षाच्या आतही शस्त्रक्रिया करतात. मेंदूज्वरानंतर ऐकू येणे गेले असेल तर घाई आणखी मोठी असते, कारण त्यात कर्णावर्ताच्या आत हाड तयार होऊन मार्ग बंद होऊ शकतो.

आमची रोजची सकाळ सहा आवाजांनी सुरू होते: आ, ऊ, ई, श, स, म. मी त्याच्या मागे उभी राहून यांतला एक आवाज काढते आणि तो ऐकू आला की तो डब्यात एक ठोकळा टाकतो. बोलण्यातल्या खर्जापासून अगदी उंच आवाजापर्यंतचा सगळा पल्ला या सहा आवाजांत येतो, त्यामुळे प्रोसेसर नीट चालतो आहे का हे दोन मिनिटांत कळते. एके सकाळी ‘स’ला ठोकळा पडला नाही, ‘श’लाही पडला नाही. तपासल्यावर मायक्रोफोनच्या जाळीत ओल आणि मळ साचलेला निघाला. चार वर्षांच्या मुलाला ‘मला आज कमी ऐकू येते’ हे सांगता येत नाही. ते ठोकळ्यांनी सांगितले.

आम्ही त्याच्याशी खुणांनीही बोलतो. त्याने बोलणे मागे पडेल असे आम्हाला काही नातेवाइकांनी बजावले होते, पण आमचा अनुभव तसा नाही. रात्री प्रोसेसर काढल्यावर तो पूर्ण शांततेत असतो आणि तेव्हा त्याची आई त्याच्याशी बोलू शकली पाहिजे.

मौनरंग

अंगणवेल, तुमचे शेवटचे वाक्य वाचून बरे वाटले. मी जन्मतः कर्णबधिर आहे, वय ३४, आणि सांकेतिक भाषा हीच माझी भाषा आहे. माझ्या वयाच्या, कधीही न ऐकलेल्या व्यक्तीला इम्प्लांटने बोलणे समजण्याची शक्यता कमी असते, हे मला एका ऑडिओलॉजिस्टनी प्रामाणिकपणे सांगितले. मी इम्प्लांट घेतले नाही. माझे आयुष्य अपुरे नाही, आणि हे ज्या कुटुंबांत इम्प्लांट यशस्वी झाले नाही त्यांनाही सांगायचे आहे. मूल भाषेविना राहू नये. ती कानाने येते की डोळ्यांनी, हा प्रश्न त्यानंतरचा.

श्रवणवाट

मौनरंग यांच्याशी मी पूर्ण सहमत आहे. मोठेपणी घेतलेल्या अशा इम्प्लांटमधून हॉर्न, दाराची घंटा, कोणी हाक मारली एवढी जाणीव मिळू शकते आणि काहींना ती हवीही असते, पण निर्णय त्या व्यक्तीचाच असला पाहिजे.

ओंजळ

गर्दीत कसे ऐकू येते? आणि गाण्याचे काय? आईला गाण्याची फार आवड आहे.

पाऊलखुणा

खोटा दिलासा देत नाही. शांत खोलीत मी फोनवर बोलू शकतो; दहा माणसे एकदम बोलत असली तर निम्मे सुटते. बोलणाऱ्याच्या जवळ ठेवायचा, बिनतारी जोडलेला लहान मायक्रोफोन मिळतो, त्याचा पुष्कळ फायदा होतो. भिंतीला पाठ करून बसणे हेही कामाला येते.

गाण्यात लय उत्तम कळते, शब्दही कळतात, पण स्वरांमधले बारीक अंतर इलेक्ट्रोड दाखवू शकत नाहीत. पूर्वी ऐकलेली गाणी आठवणीच्या आधाराने जुळतात आणि एकाच वाद्याच्या साथीचे गाणे मोठ्या वाद्यवृंदापेक्षा सोपे जाते. नवी चाल अजूनही माझ्या हाती लागत नाही. हे नुकसान आहे, आणि ते आईंना आधी माहीत असावे.

ओंजळ

दहा महिन्यांनी पुन्हा लिहिते आहे. आईच्या डाव्या कानात इम्प्लांट झाले. उजव्याला श्रवणयंत्र आहे. स्विच-ऑनला तिलाही किणकिणच ऐकू आली, पण तिने घाबरण्याऐवजी माझ्याकडे पाहून मान हलवली, कारण तिने पाऊलखुणा यांचे वाचलेले होते. पहिले दोन महिने खडतर गेले. एकदा तिने प्रोसेसर काढून टेबलावर ठेवला आणि दिवसभर लावला नाही. दुसऱ्या दिवशी स्वतःच लावला.

आता शांत खोलीत, ओठ न पाहता, ऐकवलेल्या वाक्यांतील जवळजवळ तीन चतुर्थांश शब्द ती ओळखते. परवा ती खिडकीशी पाठमोरी उभी होती आणि मी भावाशी फोनवर हळू आवाजात तिच्या पुढच्या तपासणीविषयी बोलत होते. फोन ठेवून मी तिला सांगायला गेले, तर तिने मागे न वळता म्हटले, “ऐकलं मी. गुरुवारी जायचंय ना?”

‘मळ’ आणि ‘नळ’ यांत मात्र ती अजून चुकते, आणि ‘स’ तिला कानात टोचल्यासारखा लागतो. दोन्ही गोष्टी वहीत लिहून ठेवल्या आहेत. श्रवणवाटताई, गुरुवारच्या मॅपिंगला ‘स’चे सांगितल्यावर उंच स्वरांच्या इलेक्ट्रोडची पातळी कमी करतील ना, आणि त्याने शब्दांची स्पष्टता तर जाणार नाही ना?

श्रवणवाट

करतील, पण एकदम फार कमी करू देऊ नका. वरची पातळी थोडी खाली आणून, तिथेच बसून तुम्ही ‘साल, शाल, सात, शाळा’ हे शब्द ओठ झाकून वाचा आणि आईंना ओळखू द्या. टोचणे गेले आणि शब्द टिकले तर ती पातळी ठेवायची. जुना प्रोग्रॅमही प्रोसेसरमध्ये दुसऱ्या क्रमांकावर राखून ठेवायला सांगा, म्हणजे घरी दोन्ही लावून पाहता येतील. ‘म’ आणि ‘न’ बऱ्याच जणांना सर्वांत शेवटी वेगळे कळतात. त्या जोड्या रोजच्या सरावातून काढू नका.